चतुःसीमा

पनवेलच्या टपाल नाक्यावरून आपण रोज जातो. ‘टपाल नाक्याला सोड’ एवढे रिक्षावाल्याला सांगितले की पुरते. पण ज्या टपालाचे नाव त्या नाक्याला चिकटले, त्याचा पसारा आज डोळ्यांसमोर येत नाही. रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस आधी पडावात किंवा मचव्यात बसायचा, भरतीच्या पाण्यावर खाडीतून पनवेल बंदराला लागायचा आणि तिथून गाडीरस्ता धरायचा. १८३० साली बोरघाट गाड्यांसाठी खुला झाला आणि माणसे, माल, टपाल, पलटणी, सगळ्यांचीच वाट पनवेलवरून जाऊ लागली. बैलगाडीच्या चाकांसाठी पनवेलने नाव कमावले ते त्यामुळेच. १८५२ साली इथे नगरपालिका आली. देशातल्या जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते.

मग १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली. ती गेली कल्याण-कर्जतवरून, आणि पनवेल बाजूला पडले. तांदूळ आणि मिठाचा व्यापार चालत राहिला, पण पुण्याचा राबता संपला. आमचे मत असे की जुने पनवेल टिकले ते या पीछेहाटीमुळे. पुढची शंभर वर्षे कोणाला घर पाडून उंच इमारत बांधायची घाई नव्हती. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे ही तळी राहिली, आळ्या राहिल्या, मोहल्ले राहिले. आता नेमके उलटे झाले आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९९८ पर्यंत लोकल आणि कोकण रेल्वे दोन्ही आल्या, द्रुतगती मार्ग झाला, २०१६ साली महापालिका झाली आणि २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. दीडशे वर्षांपूर्वी चुकलेली गाडी एकदम सगळ्या बाजूंनी आली म्हणायची! मोहल्ल्यातल्या प्रत्येक जुन्या घराच्या ओट्यावर आज एकच विषय आहे: बिल्डर किती देतो?

देतो तर घ्यावे, आमची तक्रार नाही. गळकी कौले, वाळवी लागलेले वासे आणि पाच भावांत एक न्हाणीघर यात राहून पाहिल्याशिवाय कोणी कोणाला वारसा जपायचा उपदेश करू नये. पण घर पाडताना त्यासोबत आणखी काय जाते, याचा हिशेब करारनाम्यात नसतो. तो आपल्यालाच करावा लागतो.

पटेल मोहल्ला, कच्छी मोहल्ला ही नावेच पाहा. एका नावात गावचा मान आहे, दुसऱ्यात समुद्रापलीकडून व्यापाराला आलेल्या लोकांची आठवण. कोकणी मुसलमानांच्या घरांत तांडेल, सारंग, नाखवा हे शब्द अजून आडनावांतून आणि आजोबांच्या गोष्टींतून ऐकू येतात. बंदर ओस पडले, शब्द राहिले. घरांचेही तसेच. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी आणि परसू, ही मांडणी शेजारच्या हिंदू घरासारखीच. पाऊस दोघांवर सारखाच पडतो, सुतार दोघांचा एकच. कोकणातल्या जुन्या मशिदीही अशाच होत्या: उतरते कौलारू छप्पर, लाकडी खांब, वजूसाठी दगडी हौद. घुमट आणि उंच मिनार बहुतेक ठिकाणी सिमेंटबरोबर आले. नमाजी वाढले की मशीद वाढवायलाच हवी. पण कोरीव खांब वखारीत विकून टाकणे आणि बांधकामाचा शिलालेख फरशीखाली गाडणे हे कोणत्या गरजेपोटी होते, ते मात्र आम्हाला कळलेले नाही.

पनवेलमध्ये आणखी एक ‘मशीद’ आहे. १८४९ साली बांधलेले बेथ एल हे बेने इस्रायली लोकांचे प्रार्थनास्थळ. कोकणातले हे मराठी बोलणारे यहुदी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. मुंबईतल्या मस्जिद बंदर स्थानकाचे नावही त्यांच्याच जुन्या मशिदीवरून पडले असे सांगतात. तेल गाळायचे काम करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. पुढे त्यांच्यातले बरेच जण इस्रायलला गेले. २६ जुलै २००५ च्या पुरात बेथ एलमध्ये पाणी शिरले आणि मोठे नुकसान झाले. नंतर ते पुन्हा उभे केले गेले, आणि आजही तिथे आहे. मुलांना एकदा बाहेरून तरी दाखवून आणा. तेलाचा घाणा, मशीद आणि शेजारी या शब्दांचा अर्थ त्यांना जरा वेगळा कळेल.

आता मुख्य गोष्ट. मोहल्ल्याचा इतिहास कोणी लिहिला नाही, अशी हळहळ आपण नेहमी करतो. लिहिला आहे, तो लोखंडी पेटीत आहे. जुने खरेदीखत उघडा. त्यात चतुःसीमा असते: पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस गल्ली, दक्षिणेस विहीर की घाणा, उत्तरेस कोणाची वखार. एका गल्लीतली दहा खते शेजारी शेजारी ठेवली तर शंभर वर्षांपूर्वीची सगळी गल्ली कागदावर उभी राहते. अडचण एवढीच की यातले बरेच कागद मोडीत असतात. ‘काहीतरी अरबी-फारसी दिसते’ म्हणून ते तसेच ठेवले जातात. ती आपलीच मराठी आहे, फक्त लिपी वेगळी. राज्याच्या पुराभिलेख विभागाकडून मोडीचे वर्ग घेतले जातात. घरातल्या एका मुलीने किंवा मुलाने ते केले तरी खानदानाचे काम होते.

तारीख फाटली असेल तर जिल्ह्याचे नाव पाहावे. ‘जिल्हा ठाणे’ असेल तर कागद १८८३ पूर्वीचा, कारण त्या साली पनवेल तालुका कुलाब्याला जोडला गेला. ‘जिल्हा कुलाबा’ असेल तर १८८३ ते १९८० मधला. १९८१ पासून रायगड.

काझींच्या दप्तरातले निकाहाचे रजिस्टर तर खजिनाच. मेहर किती, वकील कोण, साक्षीदार कोण, नवरी कोणत्या गावची. मोहल्ल्याच्या जुन्या कागदांत बायकांची नावे ठळकपणे सापडतात ती बहुतेक इथेच. आणि वक्फचे कागद किती मोलाचे असतात, ते २०२५ मध्ये उमीद पोर्टलवर माहिती भरताना गावोगावच्या मुतवल्लींना चांगलेच समजले. एखाद्या दात्याने तोंडी दिलेली जमीन सगळ्या गावाला माहीत असते. पोर्टलला कागद लागतो.

म्हणून घर रिकामे करण्याआधी दोन शुक्रवार एवढ्यासाठी ठेवा. घराचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढा. दाराची चौकट, खुंट्या, कोनाडे, विहिरीचा रहाट, काही सोडू नका. सिटी सर्व्हे कार्यालयातून मिळकत पत्रिकेची नक्कल घ्या, त्यावर जुन्या धारकांची नावे मिळतात. मोडी कागदांना प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नका. त्यात कागद कायमचा अडकतो. सुती कापडात सपाट ठेवा. दादी-नानीला बोलते करून मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण ‘जुन्या काळाबद्दल सांगा’ असे म्हणू नका, त्याने कोणी बोलत नाही. ‘रमजानात सहरीला कोण उठवायचे?’ असे विचारा. आणि जुन्या फोटोंच्या मागे नावे लिहायची ती पेन्सिलने, हलक्या हाताने; बॉलपेनचा दाब पुढून चेहऱ्यावर उमटतो.