शिवराईचा ठसा कोरला कुणी?

दिवाळीच्या सुट्टीत घरी, म्हणजे बदलापूरला कात्रपला, आवराआवर करताना आजीच्या डब्यात तांब्याचं एक जाड नाणं सापडलं. शिवराई! चकचकीत करावी म्हणून मी चिंच-मीठ घ्यायला उठलो, तर आजी ओरडली, "अरे घासू नकोस, अक्षरं जातील!" बरं झालं ओरडली.

एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', भोवती ठिपक्यांची कडा. आमच्या नाण्यावरची 'ति' अर्धीच उमटलेली. आधी वाटलं, काय हे ढिसाळ काम! मग वर्कशॉपमधला माझा फिटिंगचा जॉब आठवला. दोन पट्ट्या एकमेकींत बसवायला मला तीन आठवडे लागले, त्याही शेवटी हलत होत्याच. इथे तर कारागिराने ठशावर अक्षरं उलटी कोरली होती, आरशात दिसतात तशी. मित्रांनो, नुसतं 'श्री' कागदावर उलटं लिहून बघा, मग बोलू. खालचा ठसा ऐरणीत घट्ट, त्यावर तांब्याची चकती, वरचा ठसा हातात धरायचा आणि घाव घालायचा. चकती ठशापेक्षा लहान असली की कडेचं अक्षर बाहेर राहणारच. त्यात कोरणाऱ्याचा काय दोष?

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास आजूबाजूच्या बहुतेक राज्यांच्या नाण्यांवर फारसी मजकूर असे. महाराजांनी नागरी अक्षरं आणली. चित्र नाही, नक्षी नाही, नुसती अक्षरं! पुढे पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या. दुदांडी शिवराईवर 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा आल्या, पण मजकूर तोच. जवळजवळ दीडशे वर्षं टिकलेलं डिझाईन आहे हे. आपल्या फेस्टचा लोगो दरवर्षी बदलतो, असो.

२०१० साली रुपयाचं चिन्ह ठरलं, तेव्हा ते काढणाऱ्या डी. उदयकुमार यांचं नाव देशभर झालं. ते आयआयटी मुंबईचे विद्यार्थी, म्हणून आपण क्विझमध्येही विचारतो. योग्यच आहे. पण शिवराईखालच्या पाटीवर राजा, धातू, वजन एवढंच असतं. काही नाण्यांवर 'पति' तर काहींवर 'पती' दिसतं. त्याला लोक सरळ 'चूक' म्हणून मोकळे होतात. मला तर त्यात वेगवेगळे हात दिसतात. नाव सापडत नसेल, तर पाटीवर निदान 'ठसा कोरणारा : अज्ञात' एवढी एक ओळ तरी लिहा ना!

शिवराई परत डब्यात गेली आहे, न घासता. माझ्या जर्नलच्या मागच्या पानावर मात्र उलट्या 'श्री'चा सराव चालू आहे. अजून एकही धड जमलेली नाही.