भुताच्या गोष्टी वर्गात हव्यात का? माझं मत: हव्यातच

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

मी मराठी शिकवतो. नववीपासून पुढच्या पोरांना वर्षातून दोन-तीन भयकथा वाचून दाखवतो आणि मग त्या उसवायला लावतो. यावर गावात कुजबुज आहे. "सर, आधीच आपल्याकडे डाकीण, भूतबाधा कमी आहे का? त्यात तुम्ही शाळेत भुतं आणता." प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथेच देतो.

बारावीच्या युवकभारतीत 'कथा' हा साहित्यप्रकार आहे. 'शोध' आणि 'गढी' या दोन कथा आहेत, चांगल्या आहेत. पण पोरं काय करतात? कथानक, पात्र, संघर्ष, वातावरण यांच्या व्याख्या पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. 'वातावरण' म्हणजे काय हे त्यांना अंगावर कधी जाणवलेलंच नसतं. भयकथेत ते लपत नाही. भीती वाटली की नाही हे प्रत्येकाला स्वतःला कळतं, गाईड लागत नाही. मग पुढचा प्रश्न विचारायचा: नेमकी कुठल्या वाक्याला वाटली? तिथून रसग्रहण सुरू होतं.

आपल्या प्रकाशाच्या पोरांची तर गंमतच वेगळी. तापी-गोमाईच्या संगमावर वाढलेली ही पोरं. दक्षिण काशी म्हणून लांबून लोक अस्थी घेऊन येतात, घाटावर पिंडदान चालू असतं आणि बाजूला हीच पोरं पोहत असतात. स्मशान, राख, कावळे यांचं त्यांना काही वाटत नाही. शहरातल्या लेखकाने 'भयाण स्मशान' लिहिलं की मागच्या बाकावर हसू फुटतं. त्यामुळे एक गोष्ट त्यांना फार लवकर कळते, जी मला कॉलेजात वर्षभर शिकवूनही नीट कळली नव्हती: भीती जागेत नसते, ती जागा कोण सांगतंय आणि किती दमाने सांगतंय, त्यात असते.

एडगर ॲलन पो याची १८४३ सालची एक गोष्ट आहे, 'द टेल-टेल हार्ट'. मी ती मराठीत सांगतो. एक माणूस म्हाताऱ्याचा खून करतो, प्रेत फळ्यांखाली पुरतो, आणि सारखं बजावतो की मी वेडा नाही. शेवटी त्याला फळ्यांखालून काळजाचे ठोके ऐकू येतात. गोष्ट संपली की वर्गात भांडण लागतं. ठोके खरे होते का? कुणी दुसऱ्याने ऐकले का? "सर, सांगणाराच खोटा असंल तर?" हा प्रश्न एका पोराने विचारला, तो दिवस मला पुरला.

मराठीत तर खजिना आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी शेजारी ठेवून वाचावेत. धारपांच्या समर्थकथांत संकट आलं तरी समर्थ येतात, हा भरवसा असतो. मतकरींच्या गूढकथेत बऱ्याचदा सोडवायला कुणीच येत नाही, आणि भूत बाहेर नसून माणसाच्या डोक्यात निघतं. पोरांनी मोबाइलवर 'तुंबाड' पाहिलेला असतो. त्या २०१८ च्या सिनेमामागे धारपांची कथा आहे म्हटलं की पुस्तक मागायला येतात!

आता मूळ आक्षेप. २०१८ सालीच, १ जुलैला, शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते आठवा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागायला आलेली, पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारली. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांनी आधीच लोकांचं डोकं पेटलं होतं. ती अफवा म्हणजे भयकथाच होती हो. अशा कुठल्याही मेसेजला कथेचे घटक लावून बघा. निवेदक? नाव नाही. स्थळ? 'आपल्या भागात'. काळ? 'काल रात्री'. खलनायक? अनोळखी, फाटक्या कपड्यातला. ही कारागिरी ज्याने वर्गात उघडून पाहिली आहे, तो फॉरवर्ड करण्याआधी थांबेल. सगळे नाही थांबणार, काही थांबतील.

डाकिणीचंही तेच. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, करणी करते म्हणून एखाद्या बाईला छळणं हा गुन्हा आहे. तो मी वर्गात सांगतोच. पण कायदा सांगून पोरं माना डोलावतात, बस. मी एक काम देतो: ऐकलेली डाकिणीची गोष्ट तिच्या तोंडून लिहा. फक्त निवेदक बदला, बाकी घटना त्याच. एका पोरीने लिहिलं की दार वाजतं, बाहेर ओळखीचे आवाज, आणि आतली बाई प्रत्येक आवाजावरून माणूस ओळखत जाते. हा दिराचा, हा शेजाऱ्याचा. तिच्या गोष्टीत भूत नाही, आणि वर्ग इतका गप्प मी आजवर पाहिलेला नाही.

काही पथ्यं मीही पाळतो. आठवीच्या खाली नाही. वसतिगृहातल्या, आईबापापासून लांब राहणाऱ्या पोरांना संध्याकाळी तर अजिबात नाही. आणि गोष्ट अर्धवट ठेवून घंटा द्यायची नाही, नाहीतर "मंग काय व्हयनं सर?" म्हणत पोरं घरापर्यंत येतात.

एक विनंती. कुणाच्या माळ्यावर धारप, मतकरींची जुनी पुस्तकं पडली असतील तर रद्दीत घालू नका, मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन. पानं सुटली असली तरी चालतील. शेवटचं पान मात्र असू द्या, नाहीतर वर्गात माझं काही खरं नाही.