राडारोडा ‘ठेकेदार बघेल’?

घरात फरशा बदलायच्या असोत की बाथरूम नव्याने करायचे असो, टाइल्सच्या दराची आपण चार दुकानांत चौकशी करतो. निघणाऱ्या राडारोड्याचे काय, हा प्रश्न मात्र ‘ठेकेदार बघेल’ म्हणून सोडून देतो. डॉक्टर म्हणून मला हे पटत नाही.

फरशी, विटा, वाळू, सिमेंट यांत सिलिका असते. फोडताना आणि गोण्या ओतताना उडणारे तिचे सूक्ष्म कण थेट फुफ्फुसांत खोलवर जातात. घरातल्या दम्याच्या रुग्णाचा त्रास त्याने वाढतो. रोज हेच काम करणाऱ्या मजुराला तर सिलिकोसिस होऊ शकतो. त्यात फुफ्फुसे कडक होत जातात, क्षयरोगाचा धोका वाढतो आणि हा आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवू शकत नाही.

म्हणून टेम्पो ठरवतानाच एवढे पाहा:

१. राडारोडा भरण्याआधी त्यावर पाणी शिंपडा. कोरडा झाडू मारू नका.
२. मजुरांना एन-९५ मास्क, जाड हातमोजे आणि बूट द्या. गोण्या अर्ध्याच भरा, म्हणजे कंबर वाचेल.
३. जुने सिमेंटचे पत्रे फोडू नका, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओले करून अख्खेच उतरवा आणि वेगळे ठेवा.
४. ट्यूबलाइट, रंगाचे डबे आणि इन्सुलिनच्या सुया यांत मिसळू नका. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून वेगळ्या द्या.
५. टेम्पोवर ताडपत्री हवीच.
६. खिळा लागला तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जखम अस्वच्छ असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे झाली असतील, तर पुन्हा डोस लागतो.

राडारोडा सोसायटीच्या कोपऱ्यात पडून राहिला, तर त्यातल्या फुटक्या भांड्यांत, कमोडमध्ये पाणी साचते. डेंग्यूच्या डासाला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. नदीकाठी किंवा नाल्यात टाकला, तर पावसाळ्यात तेच पाणी वस्तीत शिरते.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी राडारोडा वेगळा करून संकलन केंद्रावर पोहोचवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावरच टाकली होती. तेव्हा तो कुठे जाणार हे ठेकेदाराला आधी विचारा आणि वाहतुकीचा खर्च अंदाजपत्रकातच लिहून घ्या. महापालिकेची सोय असेल तर तीच वापरा. दोन पैसे जास्त जातील, पण कुणाची तरी फुफ्फुसे वाचतील.