अलादीनचा चेहरा कोण काढतो?

सुट्टी लागली की मुले टीव्हीसमोर बसतात आणि अलादीन हा डिस्नेचाच, असे समजून मोठी होतात. आपणही ‘कार्टूनच तर आहे’ म्हणून आपल्या कामाला लागतो. पण या चित्रांमागची हकीकत एकदा समजून घ्यायला हवी.

अलादीनची गोष्ट ‘अलिफ लैला’च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाही. हलब शहराच्या हन्ना दियाब या सीरियन ख्रिस्ती तरुणाने ती १७०९ साली पॅरिसमध्ये आंत्वान गालाँ या फ्रेंच अनुवादकाला सांगितली आणि त्याने ती पुस्तकात घातली. त्या गोष्टीतला अलादीन चीनमधल्या एका शिंप्याचा मुलगा आहे.

उडता घोडा, दिव्यातला जिन्न हे काही कॅमेऱ्यासमोर आणून उभे करता येत नाहीत. म्हणून अद्भुतपटाला पहिल्यापासून ॲनिमेशनचा हात धरावा लागला. जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी काळ्या कागदाच्या आकृत्या कात्रीने कापल्या, खालून उजेड दिलेल्या काचेवर ठेवल्या आणि तसूतसूभर सरकवत एकेक चित्र टिपले. तीन वर्षे खपून १९२६ साली त्यांनी शहजादा अहमदचा चित्रपट पूर्ण केला. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत तो सर्वांत जुना. पुढे १९५८ च्या सिंदबादपटात रे हॅरीहाउसन यांनी छोटा सांगाडा असाच हळूहळू हलवून त्याला खऱ्या नटाशी तलवारीने लढवले. २०१९ च्या ‘अलादीन’मध्ये माणसे खरी असली, तरी जिन्नाचे निळे रूप संगणकावरच घडले.

इथेच आपल्या कामाची गोष्ट आहे. छायाचित्रात समोर असेल ते येते. ॲनिमेशनमध्ये नाक, रंग, बोलण्याची ढब, सगळे कोणीतरी ठरवलेले असते. १९९२ च्या ‘अलादीन’मध्ये नायक-नायिका अमेरिकन धाटणीने बोलतात, तर बाजारातले शिपाई आणि व्यापारी अरबी हेल काढून. पहिल्याच गाण्यात चेहरा आवडला नाही तर कान कापणाऱ्या मुलखाचा उल्लेख होता. अमेरिकेतील अरब नागरिकांच्या संघटनेने हरकत घेतली, तेव्हा १९९३ च्या व्हिडिओत त्या ओळी बदलल्या. ‘रानटी’ या अर्थाचा शब्द मात्र तसाच राहिला. अशी चित्रे पुन्हा पुन्हा पाहणारे आपले मूल आपल्याच नावांविषयी, पोशाखाविषयी काय मत बनवील?

जिन्नाचेही तसेच. कुरआनात ‘सूरह जिन्न’ आहे; जिन्न ही अल्लाहची आगीपासून निर्माण केलेली मखलूक आहे, हे मूल मकतबमध्ये शिकते. पडद्यावर मात्र तो तीन इच्छा पुरवणारा विदूषक. मागायचे ते अल्लाहकडेच, आणि हा जिन्न म्हणजे चित्रकाराची करामत, हा फरक घरातल्यांनीच सांगायचा.

टीव्ही बंद करून हे साधणार नाही. शेजारी बसावे. ‘वाईट माणसाचेच नाक एवढे लांब का?’ एवढा एक प्रश्न विचारावा. रात्री दादी-नानीला तीच गोष्ट चित्राशिवाय सांगू द्यावी. मग अलादीनचा चेहरा मूल स्वतः काढील, आणि तो कदाचित आपल्या मोहल्ल्यातल्या शिंप्याच्या पोरासारखा असेल.