भिंतीपलीकडचा शिक्का

मराठेशाहीच्या दफ्तरातील अस्सल पत्रे ज्यांनी हाताळली आहेत त्यांना ठाऊक असते की, मजकुराच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटल्याखेरीज त्या कागदाला हुकुमाचे सामर्थ्य येत नसे. आणि शिक्क्याची चोरी म्हणजे प्रत्यक्ष सत्तेचीच चोरी असल्यामुळे कागदाने शिक्क्याकडे जावे, शिक्क्याने कागदामागे हिंडू नये, हाच शहाणपणाचा दंडक होता. आज आपण बोलीत ज्याला डीएससीचे, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचे, डोंगल म्हणतो, त्या बोटभर लांबीच्या यूएसबी टोकनाची घडण याच दंडकावर झालेली आहे. सही करणारी गुप्त किल्ली टोकनातील चिपमध्येच निर्माण होते व तेथेच राहते. दस्तऐवजाचा गणिती गोषवारा आत जातो आणि सही तेवढी बाहेर येते. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला मान्यता दिल्यापासून कंपनीच्या विवरणपत्रापासून सरकारी निविदेपर्यंत, इतकेच नव्हे तर तलाठ्याच्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यापर्यंत, अनेक मामले या इवल्याशा शिक्क्यावर येऊन ठेपले आहेत.

या शिक्क्याचे आणि ब्राउझरचे मात्र सूत जुळत नाही, आणि त्याचा दोष आपण भलत्याच्या माथी मारतो, असे माझे मत आहे. परक्या संकेतस्थळांवरून येणारे अनोळखी प्रोग्रॅम क्षणोक्षणी आपल्या संगणकावर चालवणे हेच ज्याचे नित्यकर्म, त्या ब्राउझरला चार भिंतींच्या आत कोंडावे, म्हणजे आत शिरलेला भामटा आतच अडकून पडेल, या विचारातून सँडबॉक्स जन्मास आला. 2008 साली क्रोम अवतरला तो ही भिंत सोबत घेऊनच. जावा ॲप्लेट चालवणारी जुनी प्लगइन मात्र या भिंतीला न जुमानता थेट टोकनापर्यंत हात पोहोचवीत, आणि कचेऱ्यांच्या डिजिटल सह्यांचा कारभार बव्हंशी त्यांच्याच जिवावर चालला होता. क्रोमने 2015 साली आणि फायरफॉक्सने, फ्लॅशपुरता अपवाद ठेवून, मार्च 2017 मध्ये ती वाट बुजवली.

वाट बुजल्यावर कचेऱ्यांनी काय केले? प्रथम जुना इंटरनेट एक्सप्लोररच जपून ठेवण्याच्या सूचना निघाल्या, आणि पुढे भिंतीखालून भुयार खणले गेले. नागरिकाने आपल्या संगणकावर एक सहायक प्रोग्रॅम बसवावा, संकेतस्थळाच्या पानाने 127.0.0.1 या घरच्याच पत्त्यावर त्याच्याशी संधान बांधावे, आणि ब्राउझरने त्या प्रोग्रॅमच्या प्रमाणपत्राविषयी शंका घेतली तर ती दुर्लक्षावी, अशी ही व्यवस्था. एका कचेरीच्या मदतकक्षातील तरुणाने मला फोनवर मोठ्या आर्जवाने सांगितले, “काका, अँटिव्हायरस बंद करा, लाल इशारा आला की ॲडव्हान्स्डवर जा आणि पुढे चला, सगळे असेच करतात.” त्याचा आवाज इतका निरागस होता की रागावणेही जिवावर आले. सुरक्षिततेसाठी दिलेल्या वस्तूचा पहिला धडा इशाऱ्याकडे पाठ फिरवण्याचा असावा, यात काही विपरीत आहे हे त्याच्या गावीही नव्हते.

भिंत घालणाऱ्यांचा हा निव्वळ हट्ट आहे, असे म्हणणाऱ्यांनी 2018 सालचे प्रकरण आठवावे. संकेतस्थळांना यूएसबी उपकरणांशी बोलू देणारी वेबयूएसबी ही सोय क्रोमने नुकतीच दिली होती, आणि तिच्याच आधारे, वापरणाऱ्याने संमतीची एक कळ दाबली की, बनावट पानाला लॉगिनसाठी वापरल्या जाणाऱ्या यूएसबी सुरक्षा-किल्लीपर्यंत पोहोचता येते, हे संशोधकांनी दाखवून दिले. आज वेबयूएसबीने स्मार्टकार्डाच्या वर्गातील उपकरणे, आणि आपले टोकनही त्याच वर्गातले, मुद्दाम वर्ज्य ठेवली आहेत, ती योग्यच.

तरीही भिंत घालणाऱ्यांना मी सर्वस्वी निर्दोष ठरवणार नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीची 22.04 ही आवृत्ती आली, तेव्हा तिच्यातील फायरफॉक्स हा स्नॅप नावाच्या बंदिस्त पेटीतून दिला गेला. त्या पेटीला मूळ प्रणालीच्या फायली दिसत नसल्यामुळे टोकन कंपनीची लायब्ररी जागच्या जागी असूनही फायरफॉक्सच्या लेखी नव्हतीच. शिवाय कार्डाशी संभाषण करणाऱ्या पीसीएससीडी या सेवेची खिडकीही बंद. फायलींच्या बाबतीत याच मंडळींनी किती सुरेख तोड काढली आहे! पेटीबाहेरचा मध्यस्थ फायलींची यादी दाखवतो, आपण एक निवडतो, आणि ब्राउझरच्या हाती तेवढीच पडते. टोकनाला असा मध्यस्थ लाभलाच नाही. फ्लॅटपॅक या दुसऱ्या पेटीत पीसीएससीडीची वाट मोकळी करण्याची परवानगी देता येते खरी, परंतु ती वाट एका सहीची नसून सबंध कार्डाची असते. आत शिरलेला भामटा तिच्यावरून चुकीचे पिन ठोकत राहिला तर टोकन कुलूपबंद होऊन बसेल.

एकेका सहीपुरती अनुज्ञा मागणारा, कोणत्या संकेतस्थळासाठी कोणत्या दस्तऐवजावर सही होत आहे हे धन्याला दाखवणारा मध्यस्थ ब्राउझरनेच पुरवावा, एवढेच माझे मागणे आहे. मार्च 2019 मध्ये वेबऑथन हे मानक मंजूर झाले, त्यात लॉगिनपुरते हे घडलेही आहे: पान टोकनाला स्पर्श करीत नाही, ब्राउझर करतो, आणि एका संकेतस्थळासाठी दिलेले उत्तर दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. दस्तऐवजावरील कायदेशीर सहीला मात्र ते मानक पुरत नाही, आणि पुरेसे मानक घडवण्यासाठी सरकारी खात्यांनी जे वजन खर्ची घालावयाचे, ते भुयारांच्या डागडुजीत जात आहे.

तोवर लोक पेटीतला फायरफॉक्स काढून मोझिलाने 2024 च्या जानेवारीपासून उपलब्ध केलेला डेब पॅकेजचा फायरफॉक्स बसवतात. मीही तेच केले आहे. काम आटोपले की टोकन उपसून मी कपाटात कुलपाआड ठेवतो. त्या सहायक प्रोग्रॅमचे चिन्ह मात्र, कोणी बोलवो न बोलवो, पडद्याच्या कोपऱ्यात दिवसभर तेवत असते.