मांडीवरची शेगडी

“सूचनापुस्तिकेत लिहिलंय ना, मॅडम.” गेल्या मंगळवारी डोंबिवलीतल्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य ऐकलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहणारी मुलगी. ऑफिस ऐरोलीला, पण आठवड्यातले चार दिवस काम घरून. घरात टेबल मावत नाही, म्हणून पलंगावर भिंतीला टेकून, पाय लांब करून, लॅपटॉप मांड्यांवर घेऊन बसायचं. दिवाळीनंतर तिच्या डाव्या मांडीवर तपकिरी जाळी उमटायला लागली. खाज नाही, आग नाही, दुखणं नाही. आईला गजकर्ण वाटलं. औषधाच्या दुकानातून मलम आलं, ते संपलं, दुसरं आलं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ती जाळी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “लॅपटॉप कुठे ठेवून बसतेस?”

मग आम्ही तिघी यंत्र घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. यंत्रात दोष नाही, पंखा चालतो, तापमान ठरल्या मर्यादेत आहे, असं सांगितलं गेलं. मांडीचं काय, या प्रश्नाला ते वरचं उत्तर मिळालं.

घरी येऊन मी पुस्तिका वाचली. खरंच लिहिलेलं आहे. यंत्र चालू असताना किंवा चार्ज होत असताना त्याचा तळ मांडीला किंवा अंगाच्या कुठल्याही भागाला फार वेळ लागून राहू देऊ नये, अशा अर्थाचं वाक्य मोठमोठ्या कंपन्यांच्या सुरक्षा सूचनांत असतं. इंग्रजीत, बारीक टाइपात, विजेच्या आणि बॅटरीच्या सूचनांच्या गर्दीत. ‘फार वेळ’ म्हणजे किती, ते मात्र त्या पुस्तिकेत सापडलं नाही. दहा मिनिटं? डोंबिवली ते सीएसएमटी? एक अख्खी शिफ्ट?

याचं उत्तर विज्ञानाकडे जुनं आहे. १९४७ साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी डुकरांच्या आणि माणसांच्या कातडीवर प्रयोग करून किती तापमानाला किती वेळात कातडी भाजते ते मांडलं. ६० अंशांना काही सेकंद पुरतात. ४५ अंशांना सुमारे ३ तास लागतात, ४४ अंशांना सुमारे ६ तास. ४४च्या पुढे दर अंशाला हा वेळ साधारण निम्मा होत जातो. आपण आंघोळीला घेतो ते कढत पाणी ४०-४२ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे आंघोळीच्या पाण्याहून दोन-तीन अंश जास्त, आणि सहा तास. तेवढ्यात काम होतं.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला फरक इथे फार उपयोगाचा आहे. एक चटका, दुसरा शेक. चटका बसला की हात आपोआप मागे येतो. स्टीलच्या पेल्यातला चहा ओठाला लागला की पेला खाली जातो, कुणाला शिकवावं लागत नाही. शेक सुखाचा असतो. तो घेताना माणूस सैलावतो, जांभया देतो, कूस बदलायचं विसरतो. लॅपटॉप मांडीला चटका फार क्वचित देतो. तो शेक देतो, आणि आपल्या सगळ्या सावधगिऱ्या चटक्यासाठी लिहिलेल्या आहेत.

शेक म्हटलं की मला कल्याणचं आजोळ आठवतं. पारनाक्याजवळच्या त्या घरात मावशी बाळंतपणाला आली होती तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. माजघराच्या आतल्या खोलीत सुंभाची बाज, बाजेखाली लोखंडी शेगडी, शेगडीत निखारे. त्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकल्या की धुरी उठायची. लहान बाळाजवळ धूर नको असं आजचे डॉक्टर सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण मी बघत बसायचे ते आजीचा हात. आजी निखाऱ्यांवर राखेचा थर पसरायची. मग बाजेच्या सुंभाला खालून उलटा हात लावायची, तळवा कधीच नाही. तळव्याची कातडी कामाने जाड झालेली असते, तिला खरं कळत नाही, असं ती म्हणायची. उलट्या हाताला सोसवेना तर चिमट्याने दोन निखारे काढून घ्यायची. आणि थोड्या थोड्या वेळाने शेगडी सरकवायची, कमरेखालून पायांकडे, पायांकडून पुन्हा वर. मावशी डुलक्या घेत असायची. तिला कळणार नाही हे आजीला माहीत होतं. शेक घेणाऱ्याला शेक कळत नाही, म्हणून शेक देणारं माणूस जागं असावं लागतं. त्या खोलीत ते माणूस होतं.

आमच्या इमारतीतल्या त्या मुलीच्या खोलीत कोण जागं आहे? यंत्राच्या पोटात तापमान मोजणारे संवेदक आहेत, आणि ते फार दक्ष असतात. प्रोसेसर शंभरीच्या जवळ गेला की यंत्र स्वतःचा वेग कमी करतं, पंखा जोरात फिरवतं, वेळ आली तर बंद पडतं. ही सगळी धडपड आधी प्रोसेसर वाचवायला असते. मांडीकडे उलटा हात करून बघणारं बहुतेक स्वस्त यंत्रांत काही नसतं.

काश्मीरची कांगडी आजीच्या शेगडीच्याच घराण्यातली. वेताच्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात निखारे, आणि फेरनच्या आत ते पोटाशी, मांड्यांशी धरायचं. तिथे काम करणारे मिशनरी डॉक्टर एल्म्स्ली यांनी १८६६ साली लिहून ठेवलं की काश्मिरी लोकांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणारा त्वचेचा कर्करोग या कांगडीशी जोडलेला दिसतो. ती वर्षानुवर्षांच्या शेकाची गोष्ट आहे. सहा महिन्यांच्या जाळीला ती लावून कुणाला घाबरवायचा माझा हेतू नाही. पण जाळी तीच आहे. वैद्यकात तिला ‘एरिथिमा अब इग्ने’ म्हणतात, म्हणजे आगीने आलेली लाली. पूर्वी ती चुलीसमोर बसणाऱ्यांच्या नडग्यांवर आणि भट्टीवाल्यांच्या हातांवर दिसायची. २०१० साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या अर्नोल्ड आणि इटिन या डॉक्टरांनी ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात १२ वर्षांच्या एका मुलाची हकिकत छापली. तो अनेक महिने रोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळत होता. जाळी डाव्या मांडीवर. मला चटका लावून गेलेली गोष्ट पुढे आहे: यंत्राची डावी बाजू गरम होते हे त्या मुलाला कळलं होतं, तरी त्याने जागा बदलली नाही. शेकाचा स्वभावच तसा आहे. आणि कपडे मध्ये असले तरी भाजतं, हेही नोंदलेलं आहे. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वीडनच्या एका ५० वर्षांच्या शास्त्रज्ञाची हकिकत आली होती. तासभर लॅपटॉप मांडीवर घेऊन तो अहवाल लिहीत बसला होता, अंगात पँट होती, आणि नंतर नाजूक जागी फोड आले.

आता तुमचा लॅपटॉप उलटा करा. तळावर ‘आयएस १३२५२’ हा सुरक्षा मानकाचा आकडा आणि नोंदणीचा आर-क्रमांक दिसेल, किंवा नव्या यंत्रावर ६२३६८ हा आकडा. मला आज त्या आकड्यामागच्या तक्त्याबद्दल बोलायचं आहे. जुन्या मानकात, म्हणजे आपल्याकडे २०१२च्या आदेशानंतर लॅपटॉपना सक्तीच्या झालेल्या मानकात, हात लागू शकेल अशा बाहेरच्या भागांना धातू असेल तर ७० अंश आणि प्लॅस्टिक असेल तर ९५ अंशांपर्यंत मुभा होती. प्लॅस्टिकला जास्त, कारण त्यातून उष्णता कातडीत हळू शिरते. कपाचा कान बोटांना सोसतो आणि पेल्याचा काठ सोसत नाही, तेच कारण. क्षणभराच्या स्पर्शाला हा हिशेब बरोबर आहे. तासाभराच्या स्पर्शाला तो उरत नाही, कारण तासाभरात प्लॅस्टिक काय आणि धातू काय, दोन्ही आपली उष्णता पोचवतातच. नव्या मानकाने हे मान्य केलं. मिनिटाहून जास्त वेळ धरायच्या पृष्ठभागाला तिथे धातू, काच, प्लॅस्टिक सगळ्यांना एकच मर्यादा आहे, ४८ अंश. ही मोठी सुधारणा आहे आणि ज्यांनी ती केली त्यांचे आभार मानायला हवेत.

पण ही परीक्षा होते ती २५ अंशांच्या खोलीत. पाच अंश इकडेतिकडे चालतात.

मे महिन्यात दुपारी आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, गच्चीच्या खालच्या खोलीत, पंखा चालू असताना माझ्या भिंतीवरचा थर्मामीटर ३५च्या खाली येत नाही. कल्याण, डोंबिवली, बदलापूर या पट्ट्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, हे आता बातमीतही मागच्या पानावर जातं. आणि यंत्राचा तळ खोलीच्या तापमानावर चढत असतो. खोली १० अंशांनी तापली तर, प्रोसेसरने आपला वेग आवरला नाही तर, तळही जवळपास तितकाच वर जातो. कागदावरचे ४८ इथे ५५च्या पुढे. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांच्या हिशेबात त्या तापमानाला मिनिटभरही लागत नाही. अॅपल आपल्या मॅकबुकसाठी वापरायच्या जागेचं तापमान १० ते ३५ अंश असं लिहितं. डोंबिवलीतली दुपार त्या कमाल आकड्यावर सुरू होते. त्यात तळाला गादी, पाय झाकायला चादर, आणि जाळ्यांत महिनोन्‌महिने साठलेली रस्त्याची धूळ. परीक्षेच्या टेबलावर यातलं काही नसतं.

सकाळच्या लोकलमध्ये मी रोज पाहते. डोंबिवलीला बसायला जागा मिळालेली मुलं ठाण्यापर्यंत लॅपटॉप उघडतात. बरीचशी खाली सॅक ठेवतात. मांडी वाचते, पण सॅकच्या मऊ कापडाने तळाच्या जाळ्या बंद होतात आणि यंत्र आणखी तापतं. सॅकमध्ये एखादी कडक फाइल असेल तर ती वर ठेवावी, एवढ्यानेही फरक पडतो. ज्यांना मधुमेह आहे आणि पायांची जाण कमी झाली आहे, त्यांनी मात्र लॅपटॉप मांडीवर घेऊच नये. गरम पाण्याच्या पिशवीने न कळत भाजलेली माणसं आपण घरोघरी पाहिली आहेत.

‘पुस्तिकेत लिहिलंय’ या उत्तराकडे परत येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८४ प्रमाणे पुरेशी सूचना किंवा इशारा दिला नाही तर उत्पादक जबाबदार धरला जातो. कलम ८७ त्याला सूट देतं, जर धोका उघड असेल किंवा वापरणाऱ्याला सर्वसाधारणपणे माहीत असेल. मी विचारते, जो धोका अंगाला जाणवतच नाही, जो सहा महिने मांडीवर बसून राहिला आणि आईला गजकर्ण वाटला, तो उघड कसा? आणि ‘फार वेळ’ हा इशारा पुरेसा कसा? इस्त्रीवाल्याला आपण सांगतो का, कपड्यावर फार वेळ ठेवू नकोस? सुती, रेशमी, टेरिकॉट, प्रत्येकाची खूण चकतीवर असते.

आणि हो, मराठीचा माझा जुना हट्ट. वेष्टनावरचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावा, असं २०११चे नियम म्हणतात. तिसरी भाषा घालायला मनाई नाही, पण कोण घालतं? ती मुलगी इंग्रजी उत्तम वाचते. तिने पुस्तिका उघडलीच नाही, कारण तिच्या वयात कुणी उघडत नाही. तिची आई मसाल्याच्या पाकिटाची मागची बाजूसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. खोक्यावर मराठीत दोन ओळी असत्या तर तिने पहिल्याच दिवशी लॅपटॉप मांडीवरून उचलला असता, याबद्दल मला शंका नाही. मला हे सिद्ध करता येणार नाही. त्या माउलीला मी वीस वर्षं ओळखते, एवढंच.

मला हवी आहे ती ओळ अशी: ३५ अंशांच्या खोलीत तासभर काम केल्यावर या यंत्राचा तळ इतके अंश तापतो. एक आकडा, खोक्यावर, मोठ्या टाइपात. फ्रिजवर वर्षाला किती युनिट जळतील ते छापता येतं, तर हेही येतं. आणि दुसरं, यंत्रात आजीचा उलटा हात बसवणं अशक्य आहे असं कुणी सांगू नये. लेनोव्होच्या काही थिंकपॅडमध्ये यंत्र मांडीवर आहे हे ओळखून तापमान आपोआप खाली ठेवणारी सोय कित्येक वर्षांपासून आहे. ती महागड्या यंत्रांत आहे. डोंबिवलीत हप्त्यावर घेतल्या जाणाऱ्या यंत्रांत ती का नसावी, एवढंच पत्र मी भारतीय मानक ब्युरोला पाठवलं आहे. वाचकांनीही पाठवावं. पत्रात खोलीचं तापमान लिहायला विसरू नका.

मुलीच्या आईने माळ्यावरचा पाट काढला. सागवानी, जुना, खाली दोन पट्ट्या असलेला. आता पाट मांडीवर आणि लॅपटॉप पाटावर. परवा मी वर गेले तेव्हा ती माउली कामात गढलेल्या लेकीच्या शेजारी बसून मटार सोलत होती, आणि अधूनमधून उलटा हात पाटाखाली घालून बघत होती. जाळी थोडी फिकट झाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्ण जायला काही महिने लागतील, आणि थोडा डाग राहिला तर राहील.