गादी फाटली, म्हणून लगेच ऑपरेशन?



‘गुडघ्याची गादी फाटली की दुर्बिणीचं ऑपरेशन हाच इलाज’ असं मागील अंकातील लेख सुचवतो. ते सरसकट मान्य करता येणार नाही.

मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. याच गुडघ्याच्या गाद्या; त्यांना मेनिस्कस म्हणतात. कबड्डीपटूचा पाय मॅटवर रोवलेला असताना अंग गर्रकन वळलं, की धडधाकट मेनिस्कसही फाटतो. पन्नाशीनंतर मात्र तो झिजून चिरतो. कधी उकिडवं बसून उठताना, कधी काहीच निमित्त नसताना. लेखात या दोहोंची सरमिसळ झाली आहे.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅममध्ये पन्नाशीपुढच्या ९९१ जणांचे एमआरआय काढले गेले. मेनिस्कस फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्याभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता! फिनलंडमध्ये तर १४६ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांवर खरं आणि बाकीच्यांवर नुसतं लुटुपुटीचं ऑपरेशन झालं. त्वचेला छेद दिला, मेनिस्कसला हात लावला नाही. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालेलं होतं. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं.

अर्थात हे रुग्ण झिजेचे होते. तरुण खेळाडूला तोच न्याय लावू नये, कारण रक्तपुरवठा असलेल्या बाहेरच्या कडेची ताजी चीर टाक्यांनी सांधता येते.

गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर थांबू नये. एरवी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आधी नेटाने करून पाहावेत. लेखकाने पुढच्या भागात ही बाजूही मांडावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक